‘काही शंका?’ विचारल्यावर सगळे गप्प का बसतात

प्रश्न : मी एका संस्थेत विभागप्रमुख आहे. हाताखाली सोळा जण. सगळे हुशार, कामाला चोख. पण बैठकीत कोणी तोंड उघडत नाही. मी दर वेळी म्हणते, ‘मोकळेपणाने बोला.’ सगळे माना डोलावतात आणि खरी चर्चा बैठक संपल्यावर जिन्यात होते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही जुन्या सगळ्या नोंदी एका दमात नव्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. जुन्या नोंदींत बऱ्याच ठिकाणी एकच क्रमांक दोघांना पडलेला होता. त्यामुळे घोळ झाला आणि तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं. नंतर कळलं, तिघांना हे आधीपासून माहीत होतं! त्यातल्या एकाला विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, ‘मॅडम, तुमचं ठरलंच होतं ना. तारखासुद्धा पडल्या होत्या.’ मला फार लागलं ते. मी काही कोणावर ओरडत नाही. आधी एक सहकारी होती, ती बैठकीत स्पष्ट बोलायची, पण गेल्या वर्षी तिला रेकॉर्डच्या कामाला दिलं. आता बोलणारा एकच उरलाय, पण तो प्रत्येकच गोष्टीला नाही म्हणतो आणि सगळ्यांना त्याचा वैताग आहे. स्वतंत्र विचार आणि निर्भीडपणा यावर एखादं प्रशिक्षण ठेवू का? की दर बैठकीत एकाला मुद्दाम विरोधी बाजू मांडायला नेमू?
– एक विभागप्रमुख

उत्तर :

तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन गेलं आहे. माझ्या मते निम्मं उत्तर तिथेच आहे. स्पष्ट बोलणाऱ्या सहकारीला गेल्या वर्षी रेकॉर्डच्या कामाला दिलं, असं तुम्ही लिहिता आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळता.

तिच्या बोलण्यामुळे तिला हलवलं, असं तुम्ही म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. तिथे अनुभवी माणूस हवा असेल. तिने स्वतःच मागितलं असेल. पण त्याचं कारण तुम्ही मला लिहिलं नाहीत आणि बाकीच्यांनाही ते कोणी सांगितलं नसावं, असा माझा अंदाज आहे. कारण सांगितलं नाही की माणसं आपल्या सोयीचं नाही, आपल्या भीतीचं कारण शोधून काढतात. ‘ती बोलायची. ती आता रेकॉर्डला आहे.’ एवढं त्यांना पुरलं. तुम्ही आवाज न चढवता, चहा पाजून, हसतमुखाने ‘मोकळेपणाने बोला’ म्हणालात तरी समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत नसतो. मागच्या वेळी जो बोलला तो आज कुठे आहे, हे तो बघत असतो.

म्हणून प्रशिक्षणाचा विचार आधी सोडून द्या. त्यामागे एक गृहीत आहे की तुमच्या माणसांत धाडस कमी आहे आणि ते बाहेरून आणून भरता येईल. ज्या तिघांना क्रमांकांचा घोळ माहीत होता, ते जिन्यात त्यावर बोललेच असणार. म्हणजे विचार होता, मत होतं, ते मांडायला शब्दही होते. फक्त ते तुमच्यासमोर मांडण्यात तोटा दिसत होता. तो हिशेब त्यांनी नीट केला, आणि खरं सांगायचं तर बरोबर केला. बोलून फायदा शून्य, कारण तारखा पडलेल्या. तोटा मात्र अंगावर येण्याची शक्यता. अशा हिशेबात तुम्ही-आम्हीही मूग गिळूनच बसलो असतो.

धाडस असूनही काय होतं, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण चॅलेंजर यानाचं आहे. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, घन इंधनाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. बूस्टरच्या सांध्यात रबराची कडी होती, ओ-रिंग. थंडीत ती कडक होते आणि वेळेत सांधा बंद करत नाही, अशी अभियंत्यांना भीती होती. रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका. सकाळचा अंदाज गोठणबिंदूच्याही खालचा होता. बॉइजोलींनी आदल्या वर्षी, जुलै १९८५ मध्येच, कंपनीला लेखी इशारा दिला होता.

इथे कोणाचं धाडस कमी पडलं? अभियंते बोलले, आकडे घेऊन बोलले, वरिष्ठांसमोर बोलले. नासाने नाराजी दाखवल्यावर कंपनीच्या लोकांनी आपसांत बोलायला थोडा वेळ मागून घेतला. त्या वेळात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. शिफारस फिरली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालं, सात जण गेले.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. एरवी ‘यान सुरक्षित आहे हे सिद्ध करा, मग उडवू’ असा नियम असायचा. त्या बैठकीत तो उलटा झाला : ‘यान असुरक्षित आहे हे सिद्ध करा, नाहीतर उडवू.’ शंका घेणाऱ्याच्या डोक्यावर पुराव्याचं सगळं ओझं आलं. आता तुमच्या बैठका आठवून बघा. कोणी शंका काढली की त्याला काय विचारलं जातं? ‘तुझ्याकडे काही पुरावा आहे का?’ ‘मग दुसरा उपाय सांग.’ ऐकायला हे किती रास्त वाटतं. पण ज्याच्या हातात अजून नुसती कुणकुण आहे, त्याला हे विचारलं की तो पुढच्या वेळी कुणकुण स्वतःपाशीच ठेवतो. ‘उपाय घेऊनच या’ हे वाक्य बऱ्याच कार्यालयांत मोठ्या कौतुकाने म्हणतात. माझं मत विचाराल तर त्या वाक्याने जेवढी माहिती गाडली असेल तेवढी क्वचितच कशाने गाडली असेल. आग दिसली म्हणून ओरडणाऱ्याला आधी बंब आणायला सांगत नाहीत.

आणि पुढे? अपघाताच्या चौकशीत बॉइजोलींनी खरं ते सांगितलं आणि कामावरच्या मंडळींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानाच्या मोठ्या संघटनेने त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठी पुरस्कार दिला. पुरस्कार परक्यांनी दिला, पाठ आपल्यांनी फिरवली. निर्भीडपणाचं कौतुक दुरून करणं सोपं असतं. तुमच्या विभागाला ते जवळून जमवायचं आहे.

आता करायचं काय, ते सांगते. पहिलं काम बैठकीबाहेरचं आहे. त्या सहकारीला भेटा. तिला का हलवलं हे तुमच्या मनात स्वच्छ असेल तर ते सगळ्यांसमोर सांगा, एका वाक्यात, उगाच लांबण न लावता. स्वच्छ नसेल, म्हणजे ‘तिच्या बोलण्याचा जरा त्रासच व्हायचा’ असं कुठेतरी आत असेल, तर ते आधी तिच्याशी बोला आणि तिची तयारी असेल तर तिला परत आणा. परत आणणं शक्य नसेल तर निदान पुढच्या मोठ्या निर्णयाआधी तिचं मत मागवा आणि मागवलं आहे हे सगळ्यांना दिसू द्या. याला वेळ लागेल. लोक लगेच विश्वास ठेवणार नाहीत, आणि का ठेवावा?

दुसरं, तारखांचं. ‘तुमचं ठरलंच होतं ना’ असं तो मुलगा म्हणाला, तेव्हा तो सबब सांगत नव्हता. तक्ता तयार, समोर कामं, कामांसमोर नावं, नावांसमोर तारखा, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारता, ‘काही शंका?’ त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो : चला, उठू या. जे ठरलं आहे ते ठरलं आहे म्हणून सांगा. त्यात कमीपणा नाही, विभागप्रमुखाने काही गोष्टी एकट्यानेच ठरवायच्या असतात. पण ठरलेल्यावर मत मागू नका. तोंडदेखलं मत मागणं हे न मागण्यापेक्षा वाईट, कारण त्याने पुढची खरी विचारणाही खोटी ठरते. जे अजून उघडं आहे त्याची चर्चा आणि निर्णय वेगवेगळ्या दिवशी ठेवा. मधे एक रात्र गेली तरी फरक पडतो.

चर्चेच्या दिवशी तुमचं मत सगळ्यात शेवटी. प्राचीन ज्यू न्यायमंडळात देहान्ताच्या खटल्यात सर्वांत कनिष्ठांपासून मतं घ्यायला सुरुवात करत, ज्येष्ठांचं ऐकून कनिष्ठांनी त्यांची री ओढू नये म्हणून. माणसाचा स्वभाव तेव्हाही हाच होता.

बोलण्याआधी लिहून घ्या, हे मी आवर्जून सांगेन. याला चांगला आधार आहे. १९५० च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने काही साधे प्रयोग केले. एका रेषेशी तीनपैकी कोणती रेषा जुळते एवढंच सांगायचं. एकट्याने सांगायचं असलं तर चूक जवळपास होतच नसे. पण खोलीतल्या बाकी सगळ्यांनी, जे आतून प्रयोगात सामील होते, ठरवून चुकीचं उत्तर दिलं की सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे वाहवत जात. जवळपास तीन चतुर्थांश लोक एकदा तरी वाहवले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. खरी कामाची गोष्ट पुढे आहे. गटात एक माणूस जरी खरं उत्तर देणारा निघाला तरी वाहवण्याचं प्रमाण आधीच्या साधारण एक चतुर्थांशावर येई. सोबतीच्या माणसाने उत्तर चुकीचंच दिलं, पण गटापेक्षा वेगळं चुकीचं दिलं, तरी एकमताची पकड सुटे. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं की प्रमाण बरंच खाली येई.

म्हणून कागद. बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटं, प्रत्येकाने आपलं मत लिहायचं, मग वाचून दाखवायचं. जे लिहिलं ते वाचायचं एवढंच असल्यामुळे ऐन वेळी री ओढणं अवघड होतं. प्रश्नही बदला. ‘काही शंका?’ याचं सोपं उत्तर ‘नाही’ हे आहे. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने एक पद्धत सुचवली आहे, तिच्यावरचा त्यांचा लेख २००७ मध्ये आला आणि ती बरीच गाजली : समजा सहा महिने उलटले आहेत आणि ही योजना पार फसली आहे, तर का फसली असेल ते लिहा. इथे दोष दाखवणं हीच कामगिरी ठरते. ज्याला काही सुचत नाही तो मागे पडतो. तुमच्या तिघांपैकी एकाने तरी ‘क्रमांक दोनदा पडलेत’ असं लिहिलं असतं, आणि तुमचे तीन आठवडे वाचले असते.

आता विरोधी बाजूला माणूस नेमण्याचा तुमचा विचार. मला तो फारसा पटत नाही. ही कल्पना जुनी आहे. कॅथलिक चर्चने १५८७ मध्ये असं पद निर्माण केलं होतं. एखाद्याला संत घोषित करण्याआधी त्याच्याविरुद्ध काय काय आहे ते शोधून काढणं हे त्याचं काम. पण त्याच्याकडे सगळी कागदपत्रं असत, भरपूर वेळ असे, आणि त्याने घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देणं बंधनकारक असे. (१९८३ मध्ये त्या पदाचं काम फारच कमी करण्यात आलं.) आपल्याकडच्या बैठकीत काय होतं? ‘आज विरोध तुझ्याकडे’ म्हटल्यावर तो बिचारा दोन-चार मुद्दे मांडतो, सगळे कौतुकाने हसतात, आणि मूळ बेत जसाच्या तसा पुढे जातो, वर ‘आम्ही दुसरी बाजूही पाहिली’ असं समाधान. मतभेदांवर काम करणाऱ्या शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं तेव्हा खऱ्याखुऱ्या विरोधकामुळे लोक जास्त आणि वेगळा विचार करताना दिसले. नेमलेल्या विरोधकामुळे ते आपल्याच मूळ मताला टेकू शोधत बसले. नाटक आहे हे लोकांना कळतं. तुम्हाला खरा विरोधक लागेल, आणि तो तुमच्याकडे आहे.

ज्याचा सगळ्यांना वैताग आहे, तोच.

त्याची बाजू घेऊन मी काही आरती ओवाळणार नाही. प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणारा माणूस होयबाइतकाच परावलंबी असतो. होयबा गटाकडे बघून हो म्हणतो, हा गटाकडे बघून नाही म्हणतो. दोघांनीही प्रश्नाकडे बघितलेलं नसतं. स्वतंत्र विचाराची माझी कसोटी वेगळी आहे : हा माणूस स्वतःच्याच जुन्या मताविरुद्ध कधी बोलला आहे का? चार्ल्स डार्विन यांनी स्वतःला एक सवय लावून घेतली होती. आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारं काही दिसलं की ते तिथल्या तिथे टिपून ठेवायचं, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या गोष्टी लवकर विसरल्या जातात, हे त्यांनी स्वतःवरूनच ओळखलं होतं.

तरीही तो तुम्हाला हवा आहे, अॅशच्या त्या सोबत्यासारखा. तो चुकीचं बोलला तरी एकमत मोडतो आणि मग बाकीच्यांना बोलायला फट मिळते. फक्त त्याला मोकाट सोडू नका. त्याला एकट्याला बसवून दोन प्रश्न विचारत जा : तुझा हा आक्षेप किती गंभीर आहे, काम थांबवण्याइतका की नुसतं लक्षात ठेवण्याइतका? आणि काय दिसलं तर तू आक्षेप मागे घेशील? पहिल्या-दुसऱ्या वेळी तो चिडेल. नंतर त्याचे निम्मे आक्षेप तो स्वतःच गाळेल, आणि जे उरतील ते तुम्हाला गंभीरपणे घ्यावे लागतील. त्याचा एखादा आक्षेप बरोबर निघाला तर ते सर्वांसमोर त्याच्या नावानिशी सांगा. चुकीचा निघाला तर टोमणा मारू नका आणि दुसऱ्या कोणाला मारूही देऊ नका. बाकीचे पंधरा जण त्या टोमण्याचीच वाट बघत असतात.

निर्णय झाल्यावर मात्र तो सगळ्यांचा. जिन्यात पुन्हा खल नाही. ज्याचं ऐकलं गेलं, त्याला हे सांगता येतं. ज्याचं ऐकलंच नाही त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

एक प्रश्न तुमच्यासाठीही, आणि तो थोडा बोचेल. तुमचे वरिष्ठ बैठकीला येऊन बसतात, तेव्हा तुम्ही काय करता? त्यांची एखादी गोष्ट तुम्हाला पटली नाही तर सोळा जणांदेखत, नम्रपणे का होईना, तसं म्हणता का? की बाहेर आल्यावर आपल्या माणसांना म्हणता, ‘जाऊ दे, वरून आलंय’? मोठ्यांशी कसं वागायचं हे विभागातले लोक तुमच्याकडून शिकतात, भिंतीवरच्या सुविचारांवरून नाही. सगळं मनासारखं घडलं तरी एक गोष्ट तुम्हाला करायची आहेच : वरच्या माणसाला ‘मला हे पटत नाही, कारण असं असं’ हे त्यांच्या देखत म्हणणं. रोज नाही, पण गरज पडेल तेव्हा.

शेवटचं, अगदी व्यवहाराचं. हे सगळं सुरू झालं की तुमच्या विभागातल्या चुका वाढल्यासारख्या दिसतील. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असं आढळलं की ज्या कक्षांत प्रमुख चांगले होते आणि माणसं एकमेकांशी मोकळी होती, तिथे चुकांची नोंद जास्त होती. चुका जास्त होत होत्या म्हणून नाही, त्या लपवल्या जात नव्हत्या म्हणून. तुमच्याकडेही बैठका लांबतील, कटकटी वाढतील, जुनी भांडणं वर येतील, आणि महिन्याच्या अहवालात शेजारच्या विभागापेक्षा तुमच्या अडचणींचा रकाना लांब दिसेल. तुमच्या वरिष्ठांना ते रुचणार नाही. तो अहवाल त्यांच्या टेबलावर पोचण्याआधीच त्यांना गाठा, आपण काय करतो आहोत आणि आकडे का फुगणार आहेत ते समजावून सांगा, आणि सांगितल्याची दोन ओळींची लेखी नोंदही पाठवून ठेवा.